शंभराचे ऐंशी

सत्काराच्या दिवशी नानांनी भाषण करायला नकार दिला, तेव्हा सगळ्यांना तो त्यांचा साधेपणा वाटला. शलाकालाही तसंच वाटलं.

२०३८ सालचा फेब्रुवारी होता. पुण्याच्या सागर-मोसमी अभ्यास केंद्राचं सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत नाना, म्हणजे आनंदराव काटकर गुरुजी, बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, पायांत नव्या चपला. लोणदऱ्याच्या प्राथमिक शाळेत त्यांनी उभी हयात शिकवलं होतं आणि शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची नोंद सलग चौतीस वर्षं ठेवली होती. रोज सकाळी साडेआठला मोजपात्र काढायचं, आकडा वहीत लिहायचा आणि तालुक्याला कळवायचा. पाऊस नसेल तर शून्य लिहायचं. त्यांच्या मुलीने, डॉ. शलाका काटकरने, त्याच वह्यांच्या आधाराने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम उभं केलं होतं.

केंद्राचे संचालक डॉ. हेमंत नाबर बोलायला उभे राहिले. त्यांना अवघड गोष्ट सोपी करून सांगायची हौस होती.

“आपला पाऊस जूनमध्ये येतो,” ते म्हणाले, “पण तो कसा येणार, हे कित्येकदा वीस वर्षं आधी, हजारो मैलांवर ठरू लागलेलं असतं. प्रशांत महासागराच्या उत्तर भागात ऊब आणि गारवा यांची एक मांडणी असते. ती वीस-पंचवीस, कधी चाळीस वर्षंही टिकते आणि मग उलटते. एका मांडणीत एल निनोचं वर्ष आलं, की आपल्याकडे पावसाची फार ओढ बसते. दुसऱ्या मांडणीत तेच एल निनो मवाळ होऊन जातं. अटलांटिकची चाल याहून संथ, साठ-सत्तर वर्षांची. या दोन्हींचा ताल जुळतो तेव्हा आपल्याकडे एक अख्खी पिढी ओली जाते, नाहीतर कोरडी. हे आपल्याला पूर्वीपासून माहीत होतं. मांडणी उलटणार कधी, तेवढं माहीत नव्हतं.”

ते आता कळू लागलं होतं. गेल्या सात-आठ वर्षांत सगळ्या महासागरांत मिळून हजारो तरंगती यंत्रं सोडली गेली होती. ती सहा किलोमीटर खोल बुडत, दहा दिवसांनी वर येत आणि वाटेतल्या प्रत्येक थराचं तापमान उपग्रहाला कळवत. समुद्राच्या पोटात किती उष्णता साठली आहे, कुठून कुठे सरकते आहे, हे पहिल्यांदाच दिसायला लागलं होतं. त्यावरून केंद्राने एक गणिती प्रारूप बांधलं आणि त्याला ‘आवर्त’ असं नाव दिलं. पुढची पंचवीस वर्षं समुद्र कसा वागेल, हे आवर्त बऱ्यापैकी सांगायचं.

पण समुद्र कळला म्हणजे लोणदऱ्याचा पाऊस कळला, असं होत नाही. मध्ये सांधा लागतो. मागे समुद्र असा असताना या गावात किती पडला होता आणि तसा असताना किती, याची जुनी, सलग आणि विश्वासाची नोंद लागते. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या त्या कोरड्या माळावर अशी एकच नोंद होती. चार-पाच तालुक्यांत बाकी सगळीकडे खंड पडले होते, वह्यांना वाळवी लागली होती, कुठे वर्षानुवर्षं एकच आकडा उतरवलेला होता. लोणदऱ्याची वही मात्र १९५४पासून अखंड होती आणि त्यातली चौतीस वर्षं एकाच, वळणदार अक्षरातली होती.

“गुरुजी नसते, तर त्या माळापुरतं आवर्त आंधळं राहिलं असतं,” नाबर म्हणाले आणि त्यांनी नानांच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या वाजल्या. निवेदिकेने ध्वनिक्षेपक पुढे केला. नानांनी हात जोडले आणि मान हलवली.

“मी काही बोलत नाही,” एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका चहा घेऊन बाल्कनीत आली, तेव्हा नाना घड्याळाकडे बघत बसले होते. साडेआठ वाजले होते. शाल घडी करून त्यांनी बाजूच्या खुर्चीवर ठेवली होती.

“नाना, झोप लागली का नीट?”

“शलू, बस जरा.” त्यांनी कप हातात घेतला, पण प्याले नाहीत. “काल ते साहेब काय म्हणत होते, ते मी सगळं लक्ष देऊन ऐकलं. माझ्या वह्यांवरून तुम्ही पुढच्या पंचवीस वर्षांचं ठरवता. खरं ना?”

“समुद्रावरून ठरवतो. तुमच्या वह्यांवरून त्याचं माप बसवतो.”

“मग माप चुकलंय. त्या वह्यांतली बारा वर्षं खोटी आहेत.”

शलाकाला आधी वाटलं, वयामुळे काहीतरी गोंधळ होतोय. पण नाना वर्गात गणित समजावत तशा आवाजात बोलत होते.

“शहाऐंशी साली पावसाळा कोरडा गेला. सप्टेंबरात एका दिवसात एकशे चाळीस मिलिमीटर कोसळला, माती धुऊन घेऊन गेला आणि परत आला नाही. पण वहीत बेरीज बरी झाली. तालुक्याने बेरीज बघितली, टंचाई जाहीर केली नाही. टँकर नाही, रोजगार हमीची कामं नाहीत. फेब्रुवारीत विहिरी तळाला गेल्या. माझ्या चौथीच्या वर्गात कौसल्या लोखंडे म्हणून मुलगी होती. शाळेत यायच्या आधी आईबरोबर पाण्याला जायची. खाली उतरून वाटीने हंडा भरायची, कारण ती अंगाने बारीक होती. एक दिवस पायरीचा दगड निसटला.”

त्यांनी कप खाली ठेवला.

“मी आकडा बरोबर लिहिला होता, शलू. त्यात काही चूक नव्हती. पाऊस पडला होता, पाणी नव्हतं. पुढच्या वर्षापासून मी शंभर पडला की ऐंशी लिहायला लागलो. ऐंशीला पासष्ट. फार कमी केलं असतं तर कुणीतरी तपासायला आलं असतं. दरवर्षी गाव टंचाईत बसत गेलं. टँकर आले, जनावरांची छावणी आली. एकाही वर्षी परत तसं झालं नाही. नव्व्याण्णव साली पाऊस सुधारला, पाझर तलावात पाणी टिकायला लागलं, तेव्हा मी परत खरं लिहायला लागलो.”

“खरे आकडे कुठे आहेत?”

“कुठंच नाहीत. लिहून ठेवायची हिंमत नव्हती.”

शलाकाने मनातल्या मनात हिशेब जुळवला. नानांनी ज्या बारा वर्षांत पाऊस कमी लिहिला, ती नेमकी प्रशांत महासागराच्या मागच्या उबदार मांडणीची वर्षं होती. खरं लिहिलेली बहुतेक वर्षं गार मांडणीची. समुद्रामुळे लोणदऱ्याच्या पावसात पडलेला फरक आणि नानांच्या हाताने पडलेला फरक आवर्तने एकत्र धरला होता. समुद्राची मांडणी आता पुन्हा उबदारकडे उलटत होती. आवर्त सांगत होतं, की येती पंचवीस वर्षं त्या माळावर पाऊस सरासरीपेक्षा एकतीस टक्क्यांनी कमी पडेल. लोणदऱ्याची सरासरी चारशे ऐंशी मिलिमीटर. म्हणजे तो तीनशे तीसवर येणार.

राज्याच्या जलसमितीने साडेतीनशेची रेघ मारलेली होती. त्याखाली जाणाऱ्या गावांना उपसा योजनेचं पाणी द्यायचं नाही, ती गावं हलवायची.

“सांगून टाक त्यांना,” नाना म्हणाले. “माझं नाव घेऊन सांग. शाल परत देऊ.”

“आधी तपासून बघते.”

“तपास. पण सांग.”

तिने तपासलं, तेही मनापासून. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची उपग्रहचित्रं तिने बाहेर काढली. लोणदऱ्याचा पाझर तलाव त्यांत नखाएवढा दिसायचा. दरवर्षी ऑक्टोबरात त्याचं पाणी कुठवर पसरलं होतं, हे तिने एकेका चित्रावरून मोजलं. तेवढं पाणी साठायला किती पाऊस लागतो, याचं गणित अवघड नव्हतं. सात आठवडे ती केंद्रात कुणाला न सांगता हेच करत राहिली. उत्तर आलं सोळा टक्के. एकतीस नाही, सोळा. म्हणजे पाऊस चारशे तीनवर येणार होता. दिवस ओढीचे असणार होते, पण गाव उठवण्यासारखे नव्हते.

त्या आठवड्यात नाना एसटीने पुण्याला आले. त्यांनी जलसमितीच्या नावाने पत्र लिहून आणलं होतं. तीन पानं, तेच वळणदार अक्षर, खाली सही आणि तारीख. कौसल्याचं नाव त्यात नव्हतं. ‘अमुक ते अमुक सालातील नोंदी मी जाणूनबुजून कमी लिहिल्या आहेत, त्याची सर्व जबाबदारी माझी आहे,’ असं होतं.

“पोस्टाने टाकलं तर कुणाच्या टेबलावर पडून राहील,” ते म्हणाले. “तू हातोहात दे.”

शलाकाने पत्र पर्समध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ती नाबरांच्या खोलीत गेली. नाबर जूनअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी तिचं नाव गेलेलं होतं. आवर्तचा निकाल देशभर गाजत होता. आणखी सहा राज्यांनी त्याची मागणी केली होती.

“सर, एखाद्या केंद्राच्या जुन्या नोंदी मुद्दाम कमी लिहिलेल्या निघाल्या, तर काय करायचं?”

नाबरांनी चष्मा काढला. “कुठल्या केंद्राच्या?”

“असंच विचारतेय. कुठल्याही.”

“पुरावा असेल तर उद्याच समितीला कळवू. निकाल मागे घेऊ. नाचक्की होईल, ती होऊ दे. आहे का पुरावा?”

पर्स तिच्या मांडीवर होती. तिने दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

“नाही,” ती म्हणाली.

असं का म्हटलं, हे पुढे तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं. त्या वेळी तिच्याकडे उत्तरं तयार होती. नाना या वयात वर्तमानपत्रांत येतील. गावोगावच्या जुन्या मास्तरांकडे लोक संशयाने बघतील. आवर्तवरचा विश्वास एकदा उडाला, की जिथे निकाल बरोबर आहे तिथेही कुणी ऐकणार नाही. तलावाच्या पाण्यावरून काढलेला आकडा कच्चाच आहे, तो पक्का करून पुढच्या आवृत्तीत शांतपणे दुरुस्ती करता येईल. सरकारी कामाला वर्षं लागतात, तोवर वेळ आहे. यांतलं एकही कारण अगदी खोटं नव्हतं. पण नानांनी स्वतः सांग म्हटलं होतं, आणि त्यांच्या नावाआड ती जे झाकत होती ते तिचं स्वतःचं होतं.

पत्र तिने घरी कपाटाच्या खणात ठेवलं.

सरकारी कामाला वर्षं लागली नाहीत. पुढच्याच एप्रिलमध्ये लोणदऱ्यात ग्रामसभा लागली. समितीचे दोन अधिकारी येणार होते. गाव हलवायचं तर ग्रामसभेचा ठराव लागत होता. ठराव झाला नाही तर गाव जागेवर राहणार, पण उपसा योजनेतून नाव कटणार ते कटणारच.

शलाका आदल्या दिवशी दुपारी गावात पोचली. सरपंच रुपाली मदने तिची शाळेतली मैत्रीण. दोघी एकाच बाकावर बसायच्या. रुपालीला गावातच दिलेली, सासरी दीडशे मेंढरं. उन्हात चालून चालून तिचा चेहरा रापला होता. ती शलाकाला घेऊन शाळेच्या मागच्या बाजूला आली, तिथे सावली होती.

“शले, मला सभेत बोलायचं हाय,” ती म्हणाली. “लोक माझ्या तोंडाकडं बघत्यात. अर्धी म्हनत्यात, चला. अर्धी म्हनत्यात, असलं दुष्काळ लई बघितलं. मला त्यातलं कळत न्हाय. तू सांगशील तसं मी बोलते.”

“मी काय सांगणार? निकाल जाहीर झालाय.”

“जाहीर झालंय ते ऱ्हाऊ दे. मी तुला इचारतेय. खरंच एवढा कमी पडनार हाय का पाऊस?”

मैदानाच्या कडेला पोरी लंगडी खेळत होत्या. शलाका त्यांच्याकडे बघत राहिली. आत्ता सोळा म्हटलं, तर रुपाली उद्या सभेत उभी राहून सोळा म्हणेल. अधिकारी विचारतील, कुणी सांगितलं.

“आकडा तोच आहे, रुपे,” ती म्हणाली.

“झालं तर मग,” रुपाली म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं.

घरी नाना ओट्यावर बसले होते. त्यांनीही तेच विचारलं, फक्त वेगळ्या शब्दांत.

“माझं पत्र वाचलं ना त्यांनी?”

“वाचलं, नाना.”

“सगळं? तिन्ही पानं?”

“हो.”

“आणि तरी एकतीस?”

“त्यांनी सगळं धरून परत गणित केलं. फारसा फरक पडला नाही.”

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ते म्हणाले, “मला वाटायचं, पडेल. पण तुमचं शास्त्र मला काय कळतं.” त्यांच्या आवाजात थोडी सुटकाही होती. शलाकाला ती ऐकू आली आणि ती उठून आत जाऊन पाणी प्यायली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात मांडवाखाली झाली. रुपाली सरळ बोलली. आपल्या गावाची पोरगी एवढी शिकली, तिने समुद्राच्या तळाचं पाहिलंय, ती आपल्याला खड्ड्यात घालणार नाही, असं ती म्हणाली. मग कुणीतरी म्हणालं, गुरुजी काय म्हणतात ते बघू. सगळे वळून नानांकडे बघायला लागले. तिशी ते साठीतल्या प्रत्येकाला त्यांनी शिकवलेलं होतं. नाना खुर्चीला धरून उठले.

“पोरांनो, मी मोजलेला पाऊस मागचा होता,” ते म्हणाले. “पुढचा मोजणारी माणसं वेगळी आहेत. त्यांनी सगळं बघून ठरवलंय.” आणि त्यांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

ठराव चारशे बारा विरुद्ध सदतीस मतांनी मंजूर झाला. पुढच्या दिवाळीनंतर गाव उठलं. नव्वद किलोमीटरवर, नदीकाठी, औद्योगिक वसाहतीला लागून चार मजली इमारती बांधलेल्या होत्या. त्या वस्तीला नवा लोणदरा हे नाव दिलं. नळाला दोन्ही वेळ पाणी होतं, दवाखाना होता, शाळा मोठी होती. मेंढरांना चरायला मात्र जागा नव्हती. मेंढपाळांनी आपापले कळप दोन महिन्यांत मोडले. कामं मिळाली, पण तीन वेगवेगळ्या वसाहतींत, त्यामुळे घरंही विखुरली. जुन्या गावाची घरं पाडली गेली, विहिरी बुजवल्या, माळ सौरपट्ट्यांसाठी देऊन टाकला.

नाना नव्या लोणदऱ्यातच राहिले. शलाकाने पुण्याला चला म्हणून खूप विनवलं. “माझी माणसं इथं आहेत,” ते म्हणायचे. पण ती माणसं सकाळी कामाला जात आणि संध्याकाळी दमून दार लावून घेत. नाना रोज साडेआठला खाली उतरून आवारातल्या बाकावर बसायचे, एवढं तिला रुपालीकडून कळत होतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. ती दवाखान्यात पोचली तेव्हा ते शुद्धीवर होते. बोलताना धाप लागत होती.

“शलू, तुला सांगायचं होतं. तू वाईट वाटून घेऊ नकोस,” ते म्हणाले. “पत्र द्यायला तुला किती जड गेलं असेल, याचा मी तेव्हा विचारच केला नाही. बापाची लबाडी स्वतःच्या हाताने नेऊन द्यायची. तू दिलीस. दुसऱ्या कुणी दिली नसती.”

तिने त्यांचा हात धरला होता. आत्ता सांगावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण मरणाऱ्या माणसाच्या पदरात हे घालायचं तर ते कुणाच्या समाधानासाठी, असा विचार आला आणि ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी नाना गेले.

त्यानंतर वर्षभराने आवर्तची तिसरी आवृत्ती निघाली. परिशिष्टात, दोनशे सत्तराव्या पानावर, ‘एका केंद्राच्या नोंदींमधील विसंगती’ असा एक परिच्छेद होता आणि त्या माळाचा आकडा एकतीसऐवजी सोळा केलेला होता. शलाका तोवर संचालक झाली होती. तिला दोन रात्री झोप लागली नाही. कुणीतरी फोन करेल, विचारेल, असं तिला वाटत होतं. कुणी विचारलं नाही. आता त्या आकड्याखाली कुठलंच गाव उरलेलं नव्हतं.

समुद्र आवर्तने सांगितला तसाच वागला. उत्तर प्रशांताची मांडणी ठरल्या सुमारास उलटली, एल निनोची तीन वर्षं कडक गेली. जुन्या लोणदऱ्याच्या जागेवर सौरपट्ट्यांमध्ये एक स्वयंचलित पर्जन्यमापक उभा होता. त्याचे आकडे दर तासाला पुण्यात येत. २०४८च्या ऑक्टोबरात गाव उठल्यानंतरचे नऊ पावसाळे पुरे झाले. शलाकाने सरासरी काढली. चारशे नऊ मिलिमीटर. दोन वर्षं तर पाझर तलाव सांडव्यावरून वाहिला होता आणि त्या पाण्यावर तोंड धुवायलाही कुणी नव्हतं.

ती स्वतः गाडी चालवत नव्या लोणदऱ्याला गेली. रविवार होता. रुपाली आता भाजीपाला गोठवायच्या कारखान्यात पाळीप्रमुख होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दोघी समोरासमोर बसल्या. शलाकाने पहिल्यापासून सगळं सांगितलं. कौसल्या, वह्या, तलावाची चित्रं, नाबरांची खोली, शाळेच्या मागची ती दुपार. पत्रही तिने बरोबर आणलं होतं. रुपालीने ते हळूहळू, ओळीवर बोट ठेवून वाचलं.

“मी त्या दिवशी तुला इचारलं, तवा तुला सोळा ठावं हुतं?”

“हो.”

“गुरुजींना कळलं का, तू पत्र दिलं न्हाईस ते?”

“नाही.”

रुपाली खिडकीबाहेर बघत होती. खाली कुणीतरी दुचाकी धूत होतं. तिचा आवाज चढला नाही. “मी तुझ्या नावावर लोकांस्नी हितं आनलं, शले. माझा सासरा पहिल्याच वर्साला गेला. डॉक्टर म्हनला, काय झालंय तेच कळत न्हाय. त्यास्नी चालायची सवय हुती, दुसरं काय. मी हे सगळं ह्या लोकांस्नी कसं सांगू?”

“तू नको. मीच सांगते.”

“मग आत्ताच चल. परत यायची न्हाईस तू.”

इमारतीखालच्या समाजमंदिरात तासाभरात साठ-सत्तर माणसं जमली. बरीच दुसरीकडे कामाला गेलेली होती, तरुण पोरांपैकी काहींना ते गाव नीट आठवतही नव्हतं. शलाका उभी राहिली. भाषण तिने शेकडो वेळा केलं होतं, पण इथे तिला पहिलं वाक्य सापडेना. मग तिने नानांचं पत्र वाचून दाखवलं आणि त्यानंतर स्वतःचं सांगितलं. नानांनी कमी लिहिलं ते गावासाठी आणि मी गप्प राहिले ते माझ्यासाठी, असं ती म्हणाली. क्षमेचा शब्द तिने काढला नाही.

कुणी ओरडलं नाही. मागच्या रांगेतली दोन-तीन माणसं उठून गेली. एक बाई रडत होती, पण ती कौसल्याच्या घरातली होती की दुसरी कुणी, ते शलाकाला कळलं नाही. पुढे भिंतीला टेकून एक म्हातारा बसला होता, डोक्याला लाल मुंडासं, हातात उगाच काठी. पूर्वी त्याचा गावातला सगळ्यात मोठा कळप होता. त्याने घसा साफ केला.

“बाई, एक इचारू?”

“विचारा ना, बाबा.”

“पुढच्या साली पाऊस कसा हाय तिकडं?”

शलाका गोंधळली. म्हाताऱ्याच्या तोंडावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्याला खरोखरच हवं होतं ते.

“समुद्रावरून बघितलं तर थोडा कमी दिसतोय,” ती म्हणाली. “पण आमचं चुकू शकतं. आधीही चुकलंय. एका गावाचा, एका सालाचा पाऊस मला खात्रीने सांगता येत नाही.”

म्हातारा काठी टेकून उठला.

“एवढंच तवा सांगायचं हुतंस,” तो म्हणाला आणि दाराकडे चालू लागला.